लिंबू, हळद आणि ओटा

आमच्या स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा होता आणि त्याच्याबद्दल घरात कुणाचंही कसलंही मत नव्हतं. त्याचा रंग कोणता असं मला कुणी दारात अडवून विचारलं असतं, तर मी आत जाऊन बघून आलो असतो. मग एकदा सिंकखालचा पाइप बदलायला आलेल्या प्लंबरच्या हातून पाना निसटला, ओट्याचा कोपरा उडाला, आणि उडालेला टवका तळहातावर घेऊन तो म्हणाला, "आता एवढं झालंच आहे तर ओटाच बदलून टाका." ह्या एका सल्ल्यापायी जेवढी चांगली घरं उकरली गेली असतील तेवढी भूकंपानेही गेली नसतील.

प्लंबर गेला आणि मतं आली.

पहिलं मत आईचं. "काळाच घ्या. काळ्यावर डाग दिसत नाही."

"म्हणूनच काळा नको," बायको म्हणाली. "डाग दिसला तरच पुसला जाईल ना, आई?"

"दिसला तर आल्यागेल्याला दिसतो."

"न दिसला तरी तो तिथे असतोच."

"असेना का! दिसत नाही ना?"

माणसाने डाग लपवावा की दाखवावा, ह्यावर थोरामोठ्यांनी ग्रंथ लिहिले असतील. आमच्याकडे ह्या वादात सगळे रविवार गेले. मी एकदा मध्येच "दोघींचंही बरोबर आहे" असं म्हणून बघितलं. त्यावर दोघींचं लगेच एकमत झालं, की ज्यातलं कळत नाही त्यात मी बोलू नये.

तसं बघितलं तर महाराष्ट्रात राहून काळ्या दगडासाठी वणवण करावी लागणं हीच शरमेची गोष्ट आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर लाव्हा ओतून निसर्गाने आपल्या पायाखाली एवढा काळा दगड करून ठेवला, की बहुतेक सगळा महाराष्ट्र त्याच्यावरच बसलेला आहे. त्याच दगडात वेरूळचं अख्खं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, त्याच दगडाचे पाटे-वरवंटे आणि जाती झाली. पण ओट्याला दोन फूट रुंदीची लादी हवी म्हटलं की आपण दुसऱ्या राज्याचं तोंड बघायचं. कडप्पा यायचा आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातून, शहाबादी फरशी कर्नाटकातून आणि कोटा राजस्थानातून. आपल्या दगडाच्या वाट्याला मिरच्या वाटणं आलं.

दुसरं मत मेव्हण्याचं. त्याने नुकताच फ्लॅट सजवून घेतला होता, त्यामुळे तो आता ह्या विषयातला अधिकारी माणूस. "दाजी, ग्रॅनाइट आता कोण लावतं? मोरबीची मोठी टाइल घ्या. पंधरा एमएम, फुल बॉडी."

"म्हणजे?"

"आरपार एकच रंग. फुटली तरी आतून तोच दिसतो."

वस्तू घ्यायच्या आधीच ती फुटल्यावर कशी दिसेल ह्याचा विचार करणारा माणूस आपल्या नात्यात आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसरं मत वरच्या मजल्यावरच्या काकूंचं. स्वयंपाक पूर्वेकडे तोंड करून करावा, शेगडी आग्नेयेला असावी, सिंक तिच्यापासून लांब असावं आणि ओट्याला काळा दगड मुळीच वापरू नये. आमच्या आग्नेयेला लिफ्टचा डक्ट आहे. पण आईला खटकलं ते काळ्याचं. "आमचा तर चाळीस वर्षं काळाच होता हो," ती म्हणाली. काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा घराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तेच म्हणते मी."

शेवटी आम्ही कात्रज-कोंढवा रस्त्याला दगड बघायला गेलो. लोखंडी चौकटींना टेकून शेकडो लाद्या उभ्या आणि सगळ्यांवर सारखीच धूळ. दुकानदाराने पोऱ्याला खूण केली. त्याने मगभर पाणी एका लादीवर फेकलं आणि क्षणात तो दगड असा काही उजळला की आई "अगं बाई!" म्हणाली. पुढच्या लादीवर मग, "अगं बाई!" तिच्या पुढच्या लादीवर मग, "अगं बाई!"

"घरी कोण उभं राहणार मग घेऊन?" बायकोने मला विचारलं. ती असल्या जागी फार लवकर भानावर येते.

मी बाजारहाट येणाऱ्या माणसाच्या ऐटीत पुढे झालो आणि कलिंगड घेताना वाजवतात तसा एक दगड वाजवून बघितला. काहीही कळलं नाही. पण दुकानदाराने मान डोलावली, म्हणून मीही डोलावली.

दगडांची नावं मोठी गोड असतात. 'काश्मीर व्हाइट' निघतो तमिळनाडूत, त्याने आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. 'ब्लू पर्ल' थेट नॉर्वेहून येतो. एवढा प्रवास करून त्याच्या नशिबी शेवटी गवारीच्या शेंगा निवडणं असतं. 'ब्लॅक गॅलेक्सी' मात्र आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यातला, चिमाकुर्तीचा. काळ्याभोर अंगावर सोनेरी ठिपके.

"भाभीजी, सोन्याचे कण आहेत," दुकानदार म्हणाला.

मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. "ते ब्रॉन्झाइट नावाचं खनिज असतं," मी म्हणालो. "शिवाय तुम्ही ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणता तो भूशास्त्राप्रमाणे ग्रॅनाइटच नव्हे. तो गॅब्रो किंवा डोलेराइट."

दुकानदार जराही विचलित झाला नाही. "साहेब, सोनं असतं तर मी फुटावर विकलं असतं का? आणि शास्त्रवाल्यांना ओटा बसवायचा नसतो."

आई आता एका जेट ब्लॅकपाशी जाऊन उभी होती, भाव बरा होता आणि काम जवळजवळ झालं होतं. पण हलक्या काळसर दगडाला रंग देऊन तो जेट ब्लॅक म्हणून खपवतात असा कुणाचा तरी निरोप बायकोच्या फोनवर येऊन पडला होता. तिने पर्स उघडली, नेलपॉलिश काढायची बाटली आणि कापूस बाहेर काढला आणि दगडावर घासला. दुकानदाराचा चेहरा पडला. कापूस काळा झाला.

"धूळ आहे ती, भाभीजी."

"आत्ताच तर पाणी मारलंत ना?"

थोडा वेळ फक्त पलीकडे दगड कापणाऱ्या मशीनचा आवाज ऐकू आला. मग तो मागे वळून ओरडला, "अरे छोटू, आतला माल दाखव!"

आतला माल चांगला होता आणि त्याचा भावही आतला होता. त्या भावाचा हिशेब मला आजतागायत समजलेला नाही. ओट्याचं माप धरताना सिंकसाठी जे भोक पाडायचं तेही स्क्वेअर फुटात धरतात. म्हणजे जो दगड आपल्या घरी असणारच नाही त्याचे पैसे द्यायचे, आणि तो नाहीसा करण्याची मजुरी पुन्हा वेगळी. शेगडी ओट्यात बसवायची असेल तर तेही भोक तसंच. कडेला गोलाई हवी असेल तर तिचा दर रनिंग फुटाने. पूर्ण रकमेत निव्वळ भोकंच मिळतील असा ओटा घेता येतो का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

"सिंकमधून निघालेला तुकडा आमचा ना?" बायकोने विचारलं.

"तो कारागिराचा असतो."

"पैसे आमचे, तुकडा कारागिराचा?"

तुकडा आमचा झाला. त्याचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही, तो दाराच्या मागे आहे.

तिथून निघताना आम्ही नमुन्यांचे तुकडे घेतले आणि मग जिथे जिथे गेलो तिथून तुकडे घेतच राहिलो. घरी बायकोने ते टेबलावर मांडले आणि प्रत्येकावर लिंबाचा रस, ओली हळद, आमसुलाचं पाणी आणि चहा ह्यांचे थेंब ठेवले. रात्रभर कुणी हात लावायचा नाही असा हुकूम निघाला. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो.

सकाळी निकाल लागला. मकराण्याच्या संगमरवरावर लिंबाच्या जागी आंधळा डाग पडला होता. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला आंबट सोसत नाही. मकराण्याचाच दगड ताजमहालाला वापरला आणि तो साडेतीनशेहून अधिक वर्षं टिकला, असं दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं. खरंच आहे ते. पण शहाजहानने तिथे आमटी केली नव्हती. कडप्पाही चुनखडकच. म्हणजे चाळीस वर्षं आमच्या घरातली पोह्यांवरची लिंबं त्या बिचाऱ्या ओट्याची कातडी सोलत होती आणि त्याने चकार शब्द काढला नव्हता. ग्रॅनाइटने लिंबाला दाद दिली नाही. पांढऱ्या क्वार्ट्झवर हळदीने फिकट पिवळं वर्तुळ काढलं होतं. ते साबणाने जाईना.

"हळदीचा डाग उन्हात उडतो," मी म्हणालो. हे मला नक्की माहीत होतं, माझे शर्ट आहेत.

"शर्ट दोरीवर टाकता येतो. ओटा कुठे वाळत घालू?"

तरीही शास्त्र म्हणून मी सगळे तुकडे गॅलरीत उन्हात ठेवले. दुपारी एका कबुतराने येऊन स्वतःचाही एक थेंब प्रयोगात सामील केला. तो मात्र काळ्यावर आणि पांढऱ्यावर सारखाच उठून दिसला आणि आईच्या सिद्धान्ताला पहिला तडा गेला.

क्वार्ट्झसाठी आम्ही एका थंडगार शोरूममध्येही जाऊन आलो. तिथे दगडावर पाणी मारत नाहीत, गिऱ्हाइकाला कॉफी देतात. टाय लावलेल्या मुलाने समजावून सांगितलं, की ह्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा असतो आणि बाकीचं रेझिन, म्हणून हा पाणी पीत नाही, चरे पडत नाहीत, रंग हवा तो मिळतो. "फक्त गरम भांडं थेट ठेवायचं नाही. रेझिन आहे ना, डाग पडतो."

"गॅसवरून कढई उतरवली की कुठे ठेवायची?"

"खाली लाकडी ठोकळा घ्यायचा, मॅडम."

"आणि ओट्यावर काय ठेवायचं?"

त्याने शोरूममधल्या ओट्याकडे बघितलं. तिथे एक फुलदाणी होती आणि काचेच्या वाडग्यात तीन हिरवी सफरचंदं होती. पुण्यात हिरव्या सफरचंदांवर संसार करणारं एकही घर माझ्या माहितीत नाही. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून ह्या कृत्रिम दगडाच्या वापरावर बंदीच घातली, कारण तो कापताना उडणाऱ्या बारीक धुळीने कारागिरांना सिलिकोसिस होतो. हे मी त्या मुलाला सांगितलं. त्याने मला आणखी एक कॉफी दिली.

एवढ्यात मिस्त्रीने उंचीचा प्रश्न काढला. "ओटा किती इंच उंच?" आमची तोंडं बंद. दगडाच्या रंगात आम्ही इतके बुडालो होतो, की तो जमिनीपासून काही अंतरावर बसवायचा असतो हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मी पुन्हा वाचनाला लागलो. आजच्या आखीवरेखीव स्वयंपाकघराची पणजी म्हणजे १९२६ चं फ्रँकफुर्ट किचन. मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की ह्या वास्तुविशारद बाईने ते आखलं आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बांधली गेली. गंमत म्हणजे, त्याआधी आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असं ह्या बाईंनीच पुढे सांगून ठेवलंय. हे वाचून मला विलक्षण धीर आला. मी टेप घेऊन उठलो.

नियम असा, की ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली हवा. मी तिघांची कोपरं मोजली. आईच्या हिशेबाने ओटा ३१ इंच यायला हवा होता, बायकोच्या हिशेबाने ३३ आणि माझ्या हिशेबाने ३८.

"तुम्ही ओट्याशी करता काय?" बायकोने विचारलं.

"चहा."

"चहा बसून केलात तरी चालेल."

पण लोकशाही म्हणून मी तिघांची सरासरी काढली. बरोबर ३४ आली. मी ती मिस्त्रीला आकृतीसकट दाखवली. "सगळीकडे चौतीसच करतो, साहेब," तो म्हणाला आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून मोकळा झाला. आता आईला तो उंच पडतो, मला ठेंगणा पडतो आणि बायकोला इंचभर उंच पडतो, पण ती ते कबूल करत नाही.

राहिला रंग. घरात दोन तट होतेच, त्यात मोरबीचा मेव्हणा आणि आग्नेयेच्या काकू. निर्णय होईना. अशात एक दिवस कामाच्या मावशी भांडी घासत होत्या. आमच्या घरातला ओटा दिवसातून दोनदा पुसणारी ही एकमेव व्यक्ती. त्यांना काही विचारायचं आम्हा कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनीच हात धुता धुता विचारलं, "जोड कुठं येनार?"

"कसला जोड?"

"दगडाचा. सिंकापाशी जोड आला तर घान बसती त्यात. मग कितीबी घासा. त्या बी विंगमधल्या ताईंनी पांढरा घेतलाय, जोड काळा पडलाय. आन ढाळ सिंकाकडं ठेवाया सांगा. न्हाईतर समदं पानी गॅसखाली."

काळा की पांढरा ह्या पायी आमच्या घरात अबोले झाले होते, पण ढाळ हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. बायकोने तडक दुकानदाराला फोन लावला. आमची भिंत नऊ फूट चार इंच. एवढी सलग, बिनजोडाची लादी काळ्यात आहे का? नाही. पांढऱ्यात? नाही. मग आहे कशात? त्याच्याकडे त्या दिवशी एकाच दगडात होती, स्टील ग्रेमध्ये.

त्या दगडाकडे आतापर्यंत कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. करडा रंग आणि त्यावर काळे-पांढरे बारीक ठिपके. आईने लिंबाच्या प्रयोगातला त्याचा तुकडा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "ह्यावर डाग दिसत नाही." बायकोने तो खिडकीपाशी नेला आणि म्हणाली, "तिरकं बघितलं की दिसतो." दोघी जिंकल्या. पंधरा मिनिटांत ऑर्डर गेली.

बसवायचा दिवस फक्त धुळीचा होता. कारागीर कोरडाच ग्राइंडर लावून सिंकचं भोक पाडायला लागला. मी त्याला मास्क दिला आणि सिलिकोसिसची गोष्ट सांगितली. "रुमाल हाय की," तो म्हणाला. मग बायकोने मला मग देऊन त्याच्या शेजारी उभं केलं आणि तो कापत असताना मी दगडावर पाणी मारत राहिलो. घरी मग घेऊन कोण उभं राहणार, ह्याचं उत्तर असं मिळालं. त्या खोलीत पायलीभर चिखल झाला.

ओटा बसला तो उत्तम. डाग पडत नाहीत, पाणी निमूट सिंककडे जातं. तक्रार काढायचीच तर एवढीच, की त्यावर डागांबरोबर इतरही पुष्कळ गोष्टी दिसत नाहीत. सांडलेली मोहरी दिसत नाही, मुंग्या साखरेपाशी पोचेपर्यंत दिसत नाहीत. स्टीलची सुरी आणि स्टीलचा चिमटा ओट्यावर ठेवले की नाहीसे होतात, ते हाताने चाचपडत शोधायचे. शिवाय त्यातला बराच भाग आता मिक्सर, पाण्याचा फिल्टर, फळांची टोपली, लाइट बिलं आणि आईच्या गोळ्यांचा डबा ह्यांनी व्यापलेला आहे. मोकळा उरतो तो दीड फूट. तेवढा दगड मोरबीचा घेतला काय आणि मकराण्याचा घेतला काय. काकू येऊन बघून गेल्या, करड्याला वास्तूची हरकत नाही म्हणाल्या. मेव्हण्याला त्याच्या घरच्या ओट्याचं विचारलं, तर त्याने विषय बदलला. त्याची टाइल फुटली असावी. आतून कोणता रंग निघाला हे विचारायचा धीर मला झाला नाही.

आता आमच्याकडे ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, संगमरवर आणि टाइल ह्यांचे दोन पिशव्या भरून नमुने पडून आहेत. काहींवर लिंबाचा, हळदीचा आणि एकावर कबुतराचा निकालही नोंदलेला आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी ओट्याचं चाललं असेल, तर त्यांनी कृपया येऊन ते घेऊन जावेत. सोबत दाराच्या मागचा सिंकचा तुकडाही नेला तर चहा पाजू. परत मात्र काही आणून देऊ नये.